महामंदीत अमेरिकेने पैसे वाटण्याऐवजी कामं का काढली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९२९ नंतरच्या महामंदीत रूझवेल्ट सरकारने बेरोजगारांना सरळ पैसे न देता रस्ते, शाळा, गटारांची कामं का काढली? पैसे वाटणं स्वस्त पडलं नसतं का? खड्डे खणायचे आणि बुजवायचे, हा आरोप खरा का? आपली रोजगार हमी योजना ही त्याचीच नक्कल का? आणि एवढं करून मंदी संपली का?

प्रश्नातच एक गृहीत आहे, ते आधी बाजूला करू. तिथे पैसे की काम असा निर्णय एकदा बसून कोणी घेतला नव्हता. दोन्ही झालं, तेही आलटून पालटून, आणि दर वेळी आधीच्या योजनेत जे अडलं त्यावर उपाय म्हणून. त्यामुळे ‘न्यू डील’ला, म्हणजे रूझवेल्टच्या मंदीविरोधी कार्यक्रमाला, एक योजना समजलं की गोंधळ होतो. रोजगार हमी योजनेची (रोहयोची) मस्टरं, म्हणजे हजेरीपट, आणि मोजमापं हा माझा रोजचा विषय असल्याने मी कुठल्याही मदत योजनेकडे चार प्रश्न घेऊन जातो: माणूस निवडला कसा, दर ठरला कसा, पहिला पैसा किती दिवसांत हातात पडला, आणि मजुरीखेरीजचा खर्च कोणी उचलला. या चार प्रश्नांनी बघितलं की त्या योजनांमधला फरक लगेच दिसतो.

सुरुवात पैशानेच झाली. १९३३ मध्ये अमेरिकेत साधारण चारातला एक कामगार बेकार होता, म्हणजे सव्वा कोटीच्या वर माणसं. तोवर गरिबांची मदत ही गाव, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आणि खासगी धर्मादाय संस्थांची जबाबदारी मानली जाई. रूझवेल्टच्या आधीच्या हूवर सरकारने जुलै १९३२ मध्ये राज्यांना मदतीसाठी ३० कोटी डॉलर दिले, पण कर्ज म्हणून. ज्या राज्यांची तिजोरी रिकामी, त्यांनाच कर्ज काढून गरिबांना जेवू घालायला सांगायचं, यातून फार काही होणं शक्य नव्हतं. १२ मे १९३३ च्या कायद्याने संघीय आणीबाणी मदत प्रशासन, म्हणजे ‘फेरा’, उभं राहिलं. त्याच्याकडे ५० कोटी डॉलर होते आणि ते अनुदान होतं. निम्मी रक्कम ठरलेल्या सूत्राने: राज्याने मागच्या तिमाहीत मदतीवर खर्च केलेल्या दर तीन डॉलरमागे केंद्राचा एक. उरलेली निम्मी प्रमुखाच्या विवेकाने. प्रमुख होते हॅरी हॉपकिन्स. न्यूयॉर्क राज्यात रूझवेल्ट गव्हर्नर असताना मदत योजना चालवण्याचा त्यांना अनुभव होता.

जुळवणी अनुदानाचा दोष जिल्हा नियोजनात बसणाऱ्या कोणालाही माहीत असतो. ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच जास्त मिळतात. मिसिसिपीसारख्या गरीब राज्याला एक डॉलर मिळवायला आधी तीन खर्चायचे होते. म्हणून विवेकाधीन निम्मा भाग महत्त्वाचा ठरला. तोच पुढे गव्हर्नरांशी भांडणाचं मूळही झाला. फेराने आणखी एक नियम केला, त्याची चर्चा कमी होते: केंद्राचा पैसा सरकारी यंत्रणेनेच वाटायचा, खासगी धर्मादाय संस्थेच्या हातून नाही. यामुळे काउंटी-काउंटीत मदत कार्यालयं उभी करावी लागली. पुढच्या सगळ्या योजना याच कार्यालयांच्या याद्यांवर चालल्या.

आता पैसे वाटण्यात अडचण काय होती ते बघा. फेराची पद्धत ‘तूट भरून काढण्या’ची होती. कार्यालयाचा तपासनीस घरी येणार, डाळ-तांदळाचे डबे सोडून सगळं बघणार: किती माणसं, कोण कमावतं, विम्याची पॉलिसी आहे का, नातेवाईक मदत करू शकतील का. त्यावरून कुटुंबाचं किमान बजेट काढायचं आणि उत्पन्न वजा करून उरलेलं द्यायचं. समजा बजेट महिना ४० डॉलर, उत्पन्न १५, तर मदत २५. मुलाने पेपर टाकून पाच डॉलर आणले की मदत २०. कमाईवर शंभर टक्के कर लावल्यासारखं हे झालं. ही मदतही बऱ्याच ठिकाणी रोख मिळत नसे, ठरावीक दुकानाची किराणा चिठ्ठी मिळे. मे १९३३ मध्ये एका कुटुंबाला महिन्याला सरासरी १५ डॉलरच्या आसपास पडत होते. शिवाय प्रत्येक घराची चौकशी म्हणजे वेळ. काल-परवापर्यंत पगारदार असलेल्या माणसाला शेजाऱ्यांसमोर हा तपासनीस नको असे, मग तो नावच नोंदवत नसे. म्हणजे यादीत नसलेले गरजू आणि यादीसाठी खर्च होणारे आठवडे, दोन्ही तोटे एकाच पद्धतीचे.

दुसरीकडे मोठ्या बांधकामांचा रस्ता होताच. जून १९३३ मध्ये सार्वजनिक बांधकाम प्रशासनाला, पीडब्ल्यूएला, ३.३ अब्ज डॉलर मिळाले. हॅरोल्ड इकिस हे त्याचे प्रमुख. माणूस कमालीचा सावध, प्रत्येक करार स्वतः तपासणारा. न्यूयॉर्कचा ट्रायबरो पूल, लिंकन बोगदा ही त्यांची कामं आजही वापरात आहेत. पण आराखडा, अंदाजपत्रक, जमीन, निविदा, ठेकेदार या साखळीतून मजुराच्या हातात पैसा पडायला महिने लागत. त्यात खर्चाचा मोठा वाटा पोलाद, सिमेंट आणि यंत्रांवर. ठेकेदार माणसं घेणार ती कुशल, आणि मदतीच्या यादीतूनच घेईल असंही नाही. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्याचं काम आणि रोहयोचं काम यांत जो फरक असतो, तोच हा. एक मालमत्ता उभी करण्यासाठी असतं, दुसरं मजुरी देण्यासाठी. दोन्ही हेतू एकाच अंदाजपत्रकात घातले की दोन्ही अर्धवट राहतात, हे माझं मत.

१९३३ चा हिवाळा डोक्यावर आला तेव्हा पीडब्ल्यूएचा पैसा पडून होता आणि फेराच्या रांगा वाढत होत्या. मग ९ नोव्हेंबर १९३३ ला नागरी बांधकाम प्रशासन, सीडब्ल्यूए, निघालं, पीडब्ल्यूएचेच ४० कोटी डॉलर वळवून. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या योजनेत आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

सीडब्ल्यूएने चारही गोष्टी बदलल्या. निवड: निम्मे मजूर मदतीच्या यादीतून, उरलेले निम्मे फक्त बेकार आहेत म्हणून, घराची चौकशी न करता. दर: पीडब्ल्यूएने विभागवार ठरवलेले किमान दर, अकुशल मजुराला दक्षिणेत ताशी ४० सेंट, मध्य भागात ४५, उत्तरेत ५०, आणि आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास. हिशेब करा: ३० तास गुणिले ५० सेंट म्हणजे आठवड्याला १५ डॉलर. फेराच्या मदतीत एवढे पैसे कुटुंबाला महिन्याला मिळत होते. काम: ठेकेदार नाही, सरकार स्वतः मालक, फावडी आणि हातगाड्यांवर होणारी कामं. रस्त्यांची डागडुजी, शाळांची रंगरंगोटी, गटारं, उद्यानं, डासांच्या डबक्यांचा निचरा. पैसा: पगार वाटायला नवी यंत्रणा उभी केली नाही. माजी सैनिकांना पेन्शन देणाऱ्या खात्याकडे धनादेश काढायची सवय आणि शाखा होत्या, तेच काम त्यांना दिलं. नोव्हेंबर संपायच्या आत आठ लाखांहून जास्त लोकांचा पहिला पगार झाला आणि जानेवारीच्या मध्यावर ४२ लाखांच्या वर माणसं कामावर होती. दोन महिन्यांत! ज्याने एका तालुक्यात पंचवीस कामं एकदम सुरू करून दाखवली असतील त्याला या आकड्याची किंमत कळेल.

हे जमलं कसं? फेराच्या जुन्या मदतकामांवरचे मजूर आणि चालू कामं जशीच्या तशी सीडब्ल्यूएकडे वर्ग केली, म्हणजे निम्मी भरती कागदावरच झाली. नव्या कामांना आराखड्याची गरज कमी होती. आपल्या भाषेत, शेल्फवर कामं (आधीच मंजूर करून ठेवलेली) नव्हती, पण डागडुजीला शेल्फ लागत नाही. त्याची किंमतही मोजावी लागली. अवजारं कमी पडली, थंडीने गोठलेल्या जमिनीत खोदकाम काढलं गेलं, देखरेखीला माणूस नाही म्हणून टोळ्या बसून राहिल्या. खड्डे खणून बुजवण्याच्या गोष्टी याच काळापासून फिरू लागल्या. आरोप पूर्ण खोटा नाही. तयार कामाशिवाय चाळीस लाख माणसं उभी केली तर काही टोळ्यांना पानं गोळा करायलाच लावावी लागणार. पण नियम म्हणून तसं नव्हतं. लाखो मैल रस्ते आणि हजारो शाळा त्या एका हिवाळ्यात दुरुस्त झाल्या.

बंद का झाली? पैसा. महिन्याला जाणारी रक्कम एवढी होती की १८ जानेवारी १९३४ लाच तास कापले: शहरात आठवड्याला २४, ग्रामीण भागात १५. ३१ मार्चला योजना गुंडाळली. दुसरं कारण दराचं होतं. दक्षिणेतल्या कापूस मळेवाल्यांच्या मजुरीपेक्षा ४० सेंट कितीतरी जास्त होते, आणि त्यांची ओरड वॉशिंग्टनपर्यंत पोचली. फेराच्या मदतकामांवरचा ताशी ३० सेंटचा किमान दरसुद्धा नोव्हेंबर १९३४ मध्ये काढून टाकला गेला. सरकारी कामावरची मजुरी वाढली की शेतीला माणूस मिळत नाही, ही तक्रार आपल्याकडे नवी वाटते, पण ती कुठल्याही देशातल्या बड्या शेतकऱ्याची पहिली तक्रार असते.

१९३५ च्या जानेवारीत रूझवेल्टने संसदेला सांगितलं की दीर्घकाळची खैरात माणसाच्या मनाला नशेसारखी पोखरते आणि केंद्राने यातून बाहेर पडलं पाहिजे. राजकीय भाषण म्हणून ते प्रसिद्ध आहे, पण प्रशासकाच्या नजरेने त्यातली दुसरी अर्धी ओळ महत्त्वाची होती: काम करू शकणाऱ्यांना काम केंद्र देईल, जे करू शकत नाहीत ते राज्यांनी सांभाळावेत. म्हातारे, अपंग, लहान मुलं असलेल्या एकट्या बाया यांची मदत पुन्हा राज्यांकडे गेली, आणि बऱ्याच राज्यांनी हात आखडता घेतला. ‘पैसे की काम’ या वादात काम जिंकलं की कोण वगळलं जातं, ते इथे दिसतं. पैसे स्वस्त पडले असते, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. काम काढायचं म्हणजे मजुरीवर साहित्य, अवजारं, वाहतूक, मुकादम, अभियंता हे सगळं चढतं. पण मतदाराला आणि करदात्याला त्या जास्तीच्या खर्चात रस्ता दिसत होता. मजुरालाही चिठ्ठीपेक्षा पगार हवा होता. स्वस्त काय यावर निर्णय झाला नाही.

त्यातून डब्ल्यूपीए (वर्क्स प्रोग्रेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) ही केंद्राची रोजगार यंत्रणा आली. ८ एप्रिल १९३५ च्या कायद्याने ४.८८ अब्ज डॉलर, ६ मेच्या आदेशाने स्थापना, हॉपकिन्सच प्रमुख. आठ वर्षांत ८५ लाख माणसांनी त्यावर काम केलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये एका वेळी ३३ लाख होते. पद्धत अशी. गाव, काउंटी किंवा शाळा मंडळ काम सुचवणार, जागा सार्वजनिक हवी, साहित्य आणि आराखड्याचा काही भार त्या यजमान संस्थेने उचलायचा, मजुरी केंद्राची. १९३९ च्या कायद्याने तर यजमानांचा वाटा राज्यभराचा मिळून २५ टक्के हवा असं बंधन घातलं. निवड मात्र मागे गेली: ९० टक्के मजूर मदतीच्या यादीतूनच, म्हणजे पुन्हा घराची चौकशी, आणि कुटुंबातला एकच. नवरा कामावर असला की बायकोचा अर्ज बाद. बायकांना जी कामं मिळाली त्यात शिवणकामाची केंद्रं सर्वांत मोठी होती. तिथले कपडे मदतीवरच्या कुटुंबांना आणि दवाखान्यांना जात.

दराची गंमत डब्ल्यूपीएमध्ये बघण्यासारखी आहे. ताशी दराऐवजी ‘सुरक्षा वेतन’ ठेवलं, महिन्याला ठरलेली रक्कम: दक्षिणेच्या खेड्यातल्या अकुशल मजुराला १९ डॉलर, उत्तरेच्या मोठ्या शहरातल्या व्यावसायिकाला ९४. हेतू चांगला, पाऊस पडला तरी घरात ठरलेला पैसा. पण गवंडी आणि प्लंबरांच्या संघटना म्हणाल्या, यात आमचा ताशी दर घसरतो. मग १९३६ पासून तोडगा असा: महिन्याची रक्कम तीच, तास एवढे कमी करा की बाजारातला ताशी दर बसेल. उदाहरणादाखल, प्लंबरचा बाजारभाव ताशी १ डॉलर २० सेंट आणि महिन्याची रक्कम ८४ डॉलर धरली, तर तो ७० तासांत मोकळा. त्याच्या हाताखालचा बिगारी मात्र १२० ते १४० तास राबणार. आता त्या कामाचं वेळापत्रक लावून बघा. महिन्याच्या मध्यावर प्लंबर संपतो आणि बिगारी पाइपांकडे बघत बसतात. ‘डब्ल्यूपीएचे लोक फावड्याला टेकून उभे असतात’ अशी जी थट्टा चाले, तिच्यात आळसापेक्षा या तासांच्या गणिताचा वाटा बराच असावा. १९३९ मध्ये सगळ्यांना सरसकट १३० तास केले, तर कुशल कामगारांनी संप केले.

कायद्याच्या बाहेरही बरंच चालायचं. कापूस वेचणीच्या दिवसांत दक्षिणेत डब्ल्यूपीएची कामं थांबवून मजूर शेतांकडे ढकलले जात, त्यातही कृष्णवर्णीय आधी. काही राज्यांत मजुरांना निवडणुकीत कामाला जुंपल्याच्या तक्रारींनंतर १९३९ मध्ये असल्या राजकीय वापराला आळा घालणारा हॅच कायदा आला. त्याच वर्षी अठरा महिने सलग काम झालेल्याला काढून टाकायचा नियम झाला. त्या उन्हाळ्यात साडेसात लाखांहून जास्त लोक घरी गेले, आणि त्यांतल्या फार थोड्यांना पुढच्या काही महिन्यांत खासगी नोकरी मिळाली. मुदत संपली म्हणून बेकारी संपत नाही. तरीही हा नियम प्रत्येक देशात कोणीतरी पुन्हा शोधून काढतं.

बेकार तरुणांना छावणीत ठेवून काम देणारी सीसीसी योजना (महिना ३० डॉलर, त्यातले २५ सक्तीने घरी) आणि ऑगस्ट १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा हे वेगळे विषय आहेत, लांबण लावत नाही. एवढं लक्षात ठेवा की त्या कायद्यातल्या वृद्धापकाळ विम्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले होते, आणि दरमहा पेन्शन १९४० पर्यंत सुरू झालं नव्हतं. म्हणून मंदीतल्या म्हाताऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. त्याच कायद्यातलं वृद्ध सहाय्य, जे राज्य आणि केंद्र निम्मे-निम्मे देत, ते मात्र लवकर पोचलं. मे १९३९ मध्ये रॉचेस्टर शहरात सुरू झालेली अन्न तिकिटं हीसुद्धा छान रचना होती: एक डॉलरची नारिंगी तिकिटं विकत घ्या, अर्ध्या डॉलरची निळी फुकट, पण निळ्यांवर सरकारने ‘शिल्लक’ ठरवलेलाच माल मिळणार. शेतकऱ्याचा माल आणि गरिबाचं पोट एकाच व्यवहारात.

रोजगार हमी याची नक्कल आहे का? नाही. आपली परंपरा दुष्काळ संहितेची, म्हणजे ब्रिटिश काळातल्या दुष्काळी मदतीच्या नियमांची आहे, १८८० च्या दुष्काळ आयोगानंतरची. तिच्यात घराची चौकशी नव्हती. कष्टाचं काम आणि कमी मजुरी ठेवायची, ज्याला खरंच गरज आहे तोच येईल. काम हीच चाळणी. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने याच वाटेने जाऊन पाझर तलाव, नाला बंडिंग, खडी फोडणे अशी कामं काढली, आणि मे १९७३ मध्ये त्यांवर ५० लाखांच्या घरात माणसं होती. पुढे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून त्याचा हक्क झाला: कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मागणी केल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर भत्ता. खर्चात मजुरी साठ टक्के. पैसा शहरांतल्या पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय करातून आणि तेवढाच राज्याचा. अमेरिकेत असा हक्क कधीच नव्हता. डब्ल्यूपीएचं काम तरतूद असेपर्यंत मिळे, संपली की नाव कमी.

मजुरीची पद्धतही उलट. तिथे तासावर, इथे मोजमापावर. तासावर दिलं की फावड्याला टेकल्याचा आरोप होतो. मोजमापावर दिलं की मोजणारा शाखा अभियंता आला नाही तर मजुरी अडते, आणि कडक मुरूम ‘मऊ माती’ म्हणून लिहिला गेला तर दिवसभर घाम गाळून निम्मे पैसे पडतात. कुठली पद्धत चांगली हे तुमच्याकडे मोजणारे किती आहेत यावर ठरतं.

एक खरा दुवा वेगळ्याच ठिकाणी आहे. १९३० च्या त्याच मंदीत मुंबई इलाख्यातला शेतकरीही बुडाला होता, पण भाव पडल्यामुळे, पाऊस न पडल्यामुळे नव्हे. दुष्काळ संहिता आणि सारामाफी चालत पिकाच्या आणेवारीवर, म्हणजे पूर्ण पीक सोळा आणे धरून यंदा किती आलं या अंदाजावर. पीक सोळा आणे आणि भाव निम्मा, तर आणेवारी चांगलीच दिसणार. म्हणून मदतकामं निघाली नाहीत. जे आलं ते कर्जाच्या बाजूने: मध्य प्रांतात १९३३ चा कर्ज तडजोड कायदा, मुंबई इलाख्यात १९३९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा. मंदीसाठी मदत योजना आखताना ती कशावर सुरू होणार, पिकावर, भावावर की बेकारीच्या आकड्यावर, हे आधी लिहून ठेवावं लागतं.

शेवटचा प्रश्न, मंदी संपली का? संपवली युद्धखर्चाने. डब्ल्यूपीए १९४३ मध्ये गरज उरली नाही म्हणून बंद झालं. पण त्याआधी परिणाम नव्हता असंही नाही. १९३७ मध्ये तुटीची भीती वाटून डब्ल्यूपीएची संख्या पंधरा लाखांच्या आसपास आणली. त्याच वर्षी सामाजिक सुरक्षेचा पगारकर सुरू झाला आणि बँकांची राखीव निधीची अट कडक झाली. लगेच पुन्हा घसरण. अर्थतज्ज्ञ लेबरगॉट यांच्या आकड्यांत बेकारी १९३७ ची १४.३ टक्के, १९३८ ची १९. मात्र या मालिकेत डब्ल्यूपीएवर रोज कामाला जाणारा माणूस बेकार धरलेला आहे. दुसरे अर्थतज्ज्ञ मायकेल डार्बी यांनी १९७६ मध्ये त्यांना कामावर धरून पुन्हा हिशेब केला, तर तेच आकडे ९.१ आणि १२.५ येतात. ‘न्यू डील फसलं’ किंवा ‘यशस्वी झालं’ असं सांगणारा लेख वाचाल तेव्हा आधी बघा, लेखकाने यांतली कुठली मालिका घेतली आहे. बहुतेक वेळा सांगत नाहीत.